मॅनिटूलिन: खडकाचा उतार आणि कराराची रेघ

प्रश्न असा आहे: कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या मिसिसॉगात राहणारे एक कुटुंब पुण्याहून आलेल्या सत्तरीच्या आई-वडिलांना आणि दोन शाळकरी मुलांना घेऊन ऑगस्टमध्ये मॅनिटूलिन बेटावर जाऊ इच्छिते. बेट केवढे आहे, तिथे काय पाहावे, त्याचा इतिहास काय, राहण्या-जेवण्याच्या आणि दवाखान्याच्या सोयी कशा आहेत, आणि हे सगळे एका शनिवार-रविवारात उरकेल का, अशी त्यांची विचारणा आहे. भूजल सर्वेक्षणाच्या कामानिमित्त गेली वीस-बावीस वर्षे मी या बेटावर जात आलो आहे, विहिरींसाठी तिथला खडक भोके पाडून पाहिला आहे आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनाही हिंडवले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: शनिवार-रविवारात उरकणार नाही. बेट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घारापुरी येते, सकाळच्या लाँचने जायचे आणि संध्याकाळी परतायचे. मॅनिटूलिनचे क्षेत्रफळ २,७६६ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आख्ख्या गोव्याच्या जवळजवळ पाऊणपट. गोड्या पाण्याच्या सरोवरातले हे जगातले सर्वांत मोठे बेट आहे. एवढ्या विस्तारावर कायम राहणारी माणसे मात्र तेरा-चौदा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढीच. या दोन आकड्यांची सांगड मनात घातल्याशिवाय इथल्या सोयींचा अंदाज येत नाही. दोन गावांमध्ये वीस-तीस किलोमीटर नुसते रान, कुरणे आणि पाणी लागते, आणि नकाशावर ठसठशीत नाव असलेले ठिकाण प्रत्यक्षात एक धक्का, एक चर्च आणि दहा-पंधरा घरे एवढेच निघू शकते.

बेट ह्युरन सरोवराच्या उत्तर भागात आडवे पसरले आहे. त्याच्या दक्षिणेला ह्युरनचे मोकळे, समुद्रासारखे पाणी, पूर्वेला जॉर्जियन बे आणि उत्तरेला नॉर्थ चॅनेल नावाची बेटांनी भरलेली सामुद्रधुनी. बेटाची घडण समजून घेण्यासाठी एक मोठी परात पाण्यात ठेवून तिची उत्तरेकडची कड थोडी उचलून धरली आहे असे समजावे. चाळीस-पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता आणि त्याच्या तळाशी साचलेल्या थरांचे चुनखडक आणि डोलोमाइट झाले. हे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे उत्तरेच्या बाजूला उभे कडे, खोल पाणी आणि सुरक्षित बंदरे आहेत, तर दक्षिणेला जमीन हळूहळू पाण्यात शिरते आणि तिथे उथळ, सपाट खडकाचे किनारे आणि काही ठिकाणी वाळू आहे. ज्या कड्यावरून नायगाराचा धबधबा कोसळतो तीच ही खडकरांग. दक्षिणेकडच्या मुख्य भूमीवरच्या टोबरमोरी गावापाशी ती पाण्याखाली जाते आणि मॅनिटूलिनवर पुन्हा डोके वर काढते. लिटल करंट, कागावाँग, गोर बे ही जुनी गावे उत्तर किनाऱ्यावर एका ओळीत का आहेत आणि पोहण्याजोगी मोठी पुळण दक्षिणेच्या प्रॉव्हिडन्स बे येथेच का आहे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या कललेल्या परातीत आहे. आगबोटींना खोल पाणी हवे होते, मुलांना उथळ हवे असते.

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या माणसाला हा खडक परका वाटतो, पण त्याचे एक रूप मात्र कोकणातल्या माणसाला चटकन ओळखीचे वाटेल. दक्षिण किनाऱ्यावर, विशेषतः मिझरी बे प्रांतीय उद्यानात, मैलोगणती उघडा सपाट कातळ आहे. त्यावर माती जेमतेम बोटभर, पावसात डबकी आणि उन्हात तापलेला तवा. शास्त्रीय परिभाषेत याला आल्वार म्हणतात, पण रत्नागिरीकडच्या माणसाने तो पाहिला तर तो सरळ ‘सडा’ म्हणेल. खडक वेगळा आहे, आपल्याकडे जांभा आणि तिथे चुनखडक, तरी झाडांवर येणारा ताण तोच आहे आणि म्हणूनच सड्यावर जशी ठरावीक काळ फुलणारी, दुसरीकडे न आढळणारी फुले असतात तशी ती इथेही आहेत. लेकसाइड डेझी नावाचे पिवळे फूल वसंतात या कातळावर फुलते आणि जगात फारच थोड्या ठिकाणी आढळते. आपण ऑगस्टमध्ये जाणार असल्याने त्याचा बहर चुकेल. कातळ मात्र चुकवू नये, आणि त्यावर चालताना भेगांतल्या फुलझाडांवर पाय पडू देऊ नये.

बेटावर शंभराहून अधिक तळी आहेत. त्यांतले मॅनिटू सरोवर सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे असून सरोवरातल्या बेटावरचे सरोवर या वर्गात ते जगात पहिले मानले जाते. मिंडेमोया सरोवरात पुन्हा एक बेट आहे, म्हणजे तळ्यातल्या बेटावरच्या तळ्यातले बेट. मुलांना हे वाक्य एका दमात म्हणायला सांगावे, वाटेतला एक तास मजेत जातो. आनिशिनाबे या इथल्या मूळ लोकांच्या कथेनुसार नॅनाबुश हा त्यांचा खोडकर, सामर्थ्यवान पुराणपुरुष आजीला खांद्यावर घेऊन चालला होता. तो ठेचकाळला आणि आजी तळ्यात पडली. गुडघ्या-हातांवर ओणवलेल्या त्या आजीचे ते बेट झाले. मिंडेमोया या नावाचा अर्थच म्हातारी असा आहे, आणि किनाऱ्यावरून पाहिले तर बेटाची पाठ खरोखरच ओणवलेल्या बाईसारखी दिसते.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट, कारण तिचा आपल्या पोटाशी थेट संबंध आहे. चुनखडकाला भेगा असतात आणि पाणी त्या विरघळवून रुंद करते. एका कामात आम्ही पठारावरच्या एका भेगेत, जी हाताच्या पंजाएवढीही रुंद नव्हती आणि जिच्या तोंडाशी नेचे वाढले होते, निरुपद्रवी हिरवा रंग ओतला. पाण्याला खालच्या झऱ्यापर्यंत पोचायला काही आठवडे लागतील अशा हिशेबाने मी नमुने घेण्याचे वेळापत्रक आखले होते. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आधी झरा पोपटासारखा हिरवा झाला होता आणि खालच्या शेताचा मालक माझ्या दारात उभा होता. याचा अर्थ असा की इथले भूजल मातीतून गाळले जात नाही, वर पडलेले ते जवळजवळ तसेच खाली उतरते. मोठ्या गावांतले नळाचे पाणी शुद्ध केलेले असते, पण भाड्याने घेतलेल्या कॉटेजमध्ये विहिरीचे किंवा सरोवराचे पाणी असेल तर ते पिण्यायोग्य आहे का, गाळणी आणि अतिनील दिव्याचे यंत्र चालू आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच नको, तिथल्या यजमानांना हा प्रश्न नेहमीचा आहे.

इतिहासाची सुरुवात शिग्वियांडा गावापासून करावी लागते. तिथे चुनखडकाच्या पसाऱ्यातून कितीतरी जुन्या, पांढऱ्या क्वार्टझाइटची टेकडी वर आली आहे, आणि हिमयुग ओसरल्यानंतर आलेल्या माणसांनी याच दगडाची हत्यारे घडवली. थॉमस ली या पुरातत्त्वज्ञाने १९५१ मध्ये ही जागा उजेडात आणली. तिच्या वयावरून पुढे बराच वाद झाला, परंतु सुमारे साडेनऊ-दहा हजार वर्षांपूर्वी इथे दगडाची खाण आणि कारखाना होता, याबद्दल आता मतभेद नाही. गावातल्या छोट्या संग्रहालयात ही हत्यारे पाहता येतात.

ओडावा, ओजिब्वे आणि पोटावाटोमी या तीन आनिशिनाबे समाजांची ही भूमी. त्यांच्या भाषेत ती आत्म्याचे किंवा देवत्वाचे बेट आहे आणि मॅनिटूलिन हे नाव त्यातूनच आले. १६४८ मध्ये फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक जोसेफ पाँसे इथे येऊन राहिले, मात्र पुढच्या काही वर्षांतच इरोक्वा टोळ्यांशी झालेल्या लढायांनी सगळा प्रदेश उद्ध्वस्त केला आणि लोक बेट सोडून गेले. युरोपीयांबरोबर आलेल्या रोगांनी माणसे मरू लागली तेव्हा भूमी शुद्ध करण्यासाठी वस्त्या जाळल्या, अशीही आठवण सांगितली जाते. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे बेट जवळजवळ ओस होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मूळ लोक परत येऊ लागले.

यापुढचा भाग पर्यटकांच्या पत्रकांत दोन ओळींत गुंडाळलेला असतो. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आपण कोणाच्या जमिनीवर गाडी उभी करतो आहोत ते त्यावरून ठरते. १८३६ मध्ये मॅनिटोवॉनिंग येथे फ्रान्सिस बाँड हेड या ब्रिटिश अधिपतीने करार केला आणि बेट मूळ लोकांसाठी राखून ठेवले. हेतू संपूर्ण निर्मळ नव्हता. दक्षिणेकडच्या सुपीक जमिनी गोऱ्या वसाहतकऱ्यांसाठी मोकळ्या करून तिथल्या लोकांना इकडे पाठवायचे, असा त्यामागे हिशेब होता. सव्वीस वर्षांतच हेही वचन मोडले. ६ ऑक्टोबर १८६२ रोजी त्याच गावात विल्यम मॅकडूगल यांनी दुसरा करार घडवून आणला, ज्यानुसार प्रत्येक कुटुंबप्रमुखाला शंभर एकर देऊन उरलेली जमीन विक्रीसाठी खुली झाली. पूर्वेच्या मोठ्या द्वीपकल्पावरच्या वीक्वेमकूंगच्या लोकांनी या करारावर सही करायला नकार दिला, आणि म्हणून आजही त्या प्रदेशाच्या अधिकृत नावातच ‘कधीही न दिलेला’ अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे एकाच बेटावर तीन प्रकारची जमीन आहे: वसाहतकऱ्यांची गावे, करारानंतर राखून ठेवलेल्या वस्त्या, आणि कराराबाहेर राहिलेले वीक्वेमकूंग. रस्त्यावर या सीमा केवळ एका पाटीने कळतात, पण पाटीच्या पलीकडे मासेमारीचे, पायवाटांचे, ड्रोन उडवण्याचे आणि तंबू ठोकण्याचे नियम त्या त्या समाजाचे स्वतःचे असतात. तेव्हा परवानगी तिथल्या कार्यालयात विचारावी, फक्त प्रांताच्या संकेतस्थळावर विसंबू नये.

वीक्वेमकूंगमध्ये जुन्या मिशनच्या जळालेल्या इमारतीच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. तिथली मुलांची वसतिगृहशाळा १९१३ मध्ये खाडीपलीकडच्या स्पॅनिश या गावी हलवण्यात आली. मुलांना घरापासून आणि भाषेपासून तोडणाऱ्या ज्या शाळांबद्दल आज कॅनडात बोलले जाते त्यांतलीच ती एक. त्या भिंतींपाशी उभे राहून कुटुंबाचा हसरा फोटो काढण्यापूर्वी हे ठाऊक असावे, एवढेच. वसाहतकऱ्यांचे जीवनही सोपे नव्हते. मातीच नसलेल्या जमिनीवर शेती लावताना त्यांनी हॉथॉर्नची आंबट फळे, म्हणजे हॉबेरी, खाऊन हिवाळे काढले असे सांगतात, आणि त्यावरून बेटावर जन्मलेल्या माणसाला ‘हॉईटर’ म्हणण्याची रीत पडली. चाळीस वर्षे तिथे राहिलेला परंतु बाहेर जन्मलेला माणूस हॉईटर ठरत नाही. गाववाले आणि चाकरमानी यांतला फरक जाणणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

बेटावर जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि माझा आग्रह असा की एकाने जावे, दुसऱ्याने यावे. पहिला टोबरमोरीहून ‘ची-चीमॉन’ या मोठ्या बोटीचा. नावाचा अर्थ मोठी होडी असा असून १९७४ मध्ये पाण्यात उतरलेल्या या बोटीचा नाकाडासारखा पुढचा भाग सुसरीच्या जबड्यासारखा वर उचलला जातो आणि गाड्या पोटात शिरतात. मुलांना हे आतूनच नव्हे, धक्क्यावरूनही दाखवावे. प्रवास पावणेदोन तासांचा आहे आणि वर जेवणाची सोय आहे. प्रवासादरम्यान गाडीत बसता येत नाही, म्हणून आईंची औषधे आणि शाल बरोबर वर न्यावी, पाण्यावरचा वारा ऑगस्टमध्येही बोचतो. बोट मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालते आणि उन्हाळ्यातल्या शुक्रवार-रविवारी आरक्षणाशिवाय गाडीला जागा मिळेल असे गृहीत धरू नये. मिसिसॉगाहून टोबरमोरीला चार तास धरावेत, आणि वाटेतल्या एकेरी रस्त्यावरची रांग लक्षात घेऊन पाच.

दुसरा मार्ग सडबरी आणि एस्पॅनोलावरून लिटल करंटच्या फिरत्या पुलाचा. टोरांटो भागापासून साधारण सहा-सात तास. शेवटच्या टप्प्यात ला क्लोश डोंगरांचे पांढरे क्वार्टझाइट दिसते. ते इतके शुभ्र आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला बर्फ वाटतो. पूल १९१३ साली आगगाडीसाठी बांधला गेला. रूळ आता नाहीत, पण बेटाचा मुख्य भूमीशी असलेला एकमेव रस्ता अजून याच एका गाडीच्या रुंदीच्या पोलादी सांगाड्यावरून जातो. उन्हाळ्यात दिवसा दर तासाच्या ठोक्याला तो मधल्या खांबावर गर्रकन नव्हे, अगदी सावकाश फिरतो आणि पंधरा मिनिटे शिडाच्या होड्यांना वाट देतो. घाईत असणारे लोक इथे चिडतात. मीही पहिल्या वर्षी चिडलो होतो. आता मी मुद्दाम पाच मिनिटे आधी पोचतो, गाडी बंद करतो आणि थर्मासमधला चहा काढतो.

मुक्कामासाठी आपल्यासारख्या कुटुंबाने बेटाच्या मध्यावर, मिंडेमोया किंवा प्रॉव्हिडन्स बेच्या आसपास राहावे. मिंडेमोयात आणि लिटल करंटमध्ये रुग्णालय आहे, किराणा आणि पेट्रोल आहे, आणि कुठेही जायचे तरी तास-सव्वा तासात पोचता येते. आई-वडील पाहुणे असल्याने त्यांना प्रांताचा आरोग्यविमा लागू होत नाही. त्यांच्या प्रवासविम्याचे कागद छापील स्वरूपात बरोबर ठेवावेत, कारण फोनची रेंज सर्वत्र मिळत नाही. गोर बेच्या पश्चिमेला मेल्ड्रम बेपर्यंत वस्ती फार विरळ होते. तिकडे १८७३ चा मिसिसागी दीपस्तंभ पाहायला जाणार असाल तर टाकी भरून, पाणी आणि डबा घेऊनच निघावे, आणि वडिलांच्या कमरेला कच्चा रस्ता झेपेल का याचा विचार करावा. माझ्या मते या खेपेला ते टोक सोडून द्यावे.

जेवणाबाबत स्पष्ट सांगतो. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे, सरोवरातला ताजा व्हाइटफिश तळलेला किंवा धुरावर शिजवलेला अप्रतिम असतो. शाकाहारी माणसाला बाहेर फार पर्याय नाहीत. स्वयंपाकघर असलेली कॉटेज घ्यावी, डाळ, तांदूळ, पोह्यांचे सामान आणि लहान कुकर घरून न्यावा, आणि ताजी भाजी मिळाल्यास तिथल्या शनिवारच्या बाजारातून घ्यावी. हॉबेरीचा मुरंबा मात्र अवश्य आणावा, तो चपातीबरोबर चांगला लागतो.

तीन रात्री मिळाल्या तर असे करावे. एक दिवस कागावाँग: तिथल्या ब्रायडल व्हेल धबधब्यामागे चालत जाता येते. खाली उतरायला पायऱ्या आहेत आणि त्या ओल्या असतात. आईंचे गुडघे दुखत असतील तर वरच्या कठड्यावरूनही पाणी छान दिसते. गावातल्या पाण्याकाठच्या लहान चर्चमध्ये व्यासपीठ एका फुटक्या नावेच्या नाळीचे आहे, ते पाहावे. दुसरा दिवस म्चिगींगच्या ओजिब्वे सांस्कृतिक केंद्राला आणि जवळच्या कप अँड सॉसर कड्याला द्यावा. तिथला सर्वांत उंच सज्जा समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे आणि उभा कडा सुमारे ७० मीटरचा, कठडा नसलेला. आपण मुलांबरोबर कड्यावर जावे आणि आई-वडिलांनी केंद्रातली चित्रे, सालीच्या पेट्या आणि मण्यांचे काम निवांत पाहावे, ही वाटणी सर्वांना मानवते. पायवाटेवर लांब विजार घालावी. अंगाला लागल्यास खाज आणि पुरळ उठवणारी पॉयझन आयव्ही भरपूर आहे, गोचिड्या आहेत आणि मॅसासॉगा हा लाजाळू विषारी सापही बेटावर आहे. तो स्वतःहून अंगावर येत नाही, परंतु खडकाच्या फटीत हात घालू नये. तिसरा दिवस प्रॉव्हिडन्स बेच्या वाळूला. पाणी लांबवर गुडघाभरच असते.

तारखेबद्दल एक शेवटचे. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुटीत वीक्वेमकूंगचा सांस्कृतिक उत्सव आणि लिटल करंटचा हॉईटर उत्सव दोन्ही एकाच वेळी असतात. ढोल आणि नृत्य पाहायचे असेल तर हीच वेळ, मात्र निवास सहा-आठ महिने आधी पक्का केलेला हवा. नर्तकांच्या पोशाखाला हात लावू नये आणि निवेदक सांगेल तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा. निवास मिळाला नसेल तर महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जावे. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, पाणी वर्षातले सर्वांत उबदार असते, आणि अमावास्या साधली तर रात्री कॉटेजबाहेर दिवा न लावता बसल्यास आकाशगंगा इतकी स्पष्ट दिसते की आई-वडिलांना लहानपणच्या गावच्या अंगणाची आठवण यावी. खुर्च्या आणि एक पांघरूण मात्र संध्याकाळीच बाहेर काढून ठेवावे, कारण अंधार पडल्यावर तिथे खरोखरच हाताला हात दिसत नाही.